चारशे अकरा होकार

गावाने होकार दिला ही बातमी गावाला टपालाने कळली.

पंचायतीत लखोटा फोडला तेव्हा मी तिथेच होते. तिरवळे गावाची प्राथमिक लोकसुनावणी पार पडली, असं पत्रात लिहिलं होतं. मतदार चारशे बारा, होकार चारशे अकरा, विरोध एक. तो एकमेव विरोध लातूरहून बदली होऊन आलेल्या शिंगाडे गुरुजींचा, म्हणजे ज्याला अजून आमच्या गावची रीत कळलेली नाही अशा माणसाचा. बाकी आम्ही सगळे म्हणे आनंदाने तयार होतो. आमच्या डोक्यावरच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, सहाशे बंगल्यांची वसाहत, तीन हॉटेलं, खालपर्यंत रुंद रस्ता आणि पायथ्याला वीस खाटांचं हॉस्पिटल, असा तो प्रस्ताव होता. सरपंच पत्र वाचून माझ्याकडे बघत राहिले. बघणारच. त्या चारशे बारा जणांच्या मुलाखती मीच घेतल्या होत्या.

मी वैजयंती धुरी. हुद्दा मुलाखत सेविका. हुद्द्याचं नाव ऐकून कुणाला कौतुक वाटत असेल तर वाटू दे, मला आता ते शिवीसारखं लागतं.

हे यंत्र काय आहे ते आधी सांगते. पूर्वी एखादा आराखडा आला की हरकती-सूचना मागवायचे. मग सुनावणीला एक तर चार टाळकी यायची किंवा खुर्च्या फेकल्या जायच्या. त्यावर सरकारने प्रतिरूपाचा कायदा आणला. प्रत्येक प्रौढ माणसाची दोन तास मुलाखत घ्यायची. त्याचा आवाज, त्याच्या जुन्या तक्रारी, ग्रामसभेतलं बोलणं, सगळं त्यात घालायचं. त्यातून संगणकात त्या माणसाचा एक नमुना तयार होतो आणि नवा प्रश्न टाकला की तो माणूस काय बोलेल ते हा नमुना बोलून दाखवतो. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की माणसाला तोच प्रश्न पंधरा दिवसांनी विचारला तर शंभरात पंधरा वेळा तो स्वतःच वेगळं उत्तर देतो, आणि प्रतिरूप सतरा वेळा चुकतं. दोनाचाच फरक. टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या.

सुनावणीत ही सगळी प्रतिरूपं एकत्र बसवतात, म्हणजे संगणकातच. प्रस्ताव वाचला जातो आणि मग चर्चेच्या फेऱ्या होतात. दर फेरीत प्रत्येकजण बाकीच्यांचं ऐकतो आणि हवं तर मत बदलतो. चाळीस फेऱ्यांना अकरा मिनिटं लागतात. गावात या प्रतिरूपाला 'दुसरो' म्हणतात. बायको रुसली की नवरा विचारायचा, तुझो दुसरो काय म्हणता? थट्टेचाच विषय होता तो, पत्र येईपर्यंत.

स्वतःच्या प्रतिरूपाचा जबाब वाचायचा अधिकार प्रत्येकाला असतो. मी त्याच दुपारी माझा उघडला. माझी दुसरी बोलली होती, 'माझं वेगळं मत नाही. गावाचं जे मत तेच माझं.' खाली आधार म्हणून प्रतिरूप क्रमांक २१७ असं होतं. दोनशे सतरा म्हणजे तातूकाका राऊळ, आमच्या गावचे मानकरी. आणि दोनशे सतराचा आधार म्हणून लिहिलं होतं, 'ग्रामसमूह'.

मी तिथेच डोकं धरून बसले, कारण कुठे काय चुकलं ते मला एका क्षणात कळलं.

आमच्याकडे देवळाच्या मांडावर, म्हणजे गाव जमतं त्या जागी, कुठलाही निर्णय घ्यायचा असला तर मानकऱ्याच्या आधी कुणी तोंड उघडत नाही. मानकऱ्याच्या देखत त्याच्याआधी बोलणं म्हणजे त्याचा अपमान, आणि त्याच्या घराण्याचाही. मानकरी उभा राहतो आणि एकच वाक्य बोलतो, "गाव सांगात ता." म्हणजे गाव सांगेल ते. हे त्याचं मत नव्हे. ते दार उघडणं असतं. त्यानंतर गाव तुटून पडतं. भावकीचे हेवेदावे निघतात, बायका मागून ओरडतात, जेवणवेळ टळून जाते, आणि त्या गोंधळातून कधीतरी एक निर्णय बाहेर पडतो. सगळं खरं बोलणं त्या वाक्याच्या नंतर असतं.

मी काय केलं? घरोघर जाऊन विचारलं, गावात मोठा प्रकल्प आला तर तुमचं मत काय असेल? लोक म्हणाले, "माका काय इचारतंस, मानकरी सांगतले ता." मी नोंदवलं. तातूकाकांना विचारलं. ते म्हणाले, गाव सांगात ता. मी तेही नोंदवलं आणि पुढचा प्रश्न काढला. दिवसाला पाच मुलाखतींचं उद्दिष्ट होतं ना. माझी स्वतःची मुलाखत सगळ्यात शेवटी, घाईघाईत. माझं काय वेगळं असणार, गावासारखं घ्या, असं मी हसत म्हटलं होतं. मी, ह्याच गावात जन्मलेली, इथलीच सून झालेली. परका माणूस चुकला असता तर त्याला माफ केलं असतं.

मग यंत्रात चाळीस फेऱ्या गाव मानकऱ्याकडे बघत राहिलं आणि मानकरी गावाकडे. अशी कोंडी झाली तर नियम असा की ज्यांचं मत पक्कं आहे त्यांचं वजन धरायचं. चारशे बारा जणांत पक्कं मत असलेले सहा निघाले. पाच होकाराचे, एक शिंगाडे गुरुजी. पाचांचं जड झालं, आणि उरलेले चारशे सहा जण गावाचं मत म्हणून त्या पाचांच्या मागे गेले.

त्या पाचांतला एक माझा नवरा.

श्रीधरची शाळेची व्हॅन आहे. रोज बावीस पोरं घेऊन तो त्या खड्ड्यांच्या घाटीतून तालुक्याला जातो. संध्याकाळी मी त्याला फाडून खायचंच बाकी ठेवलं. आमच्या अठरा विहिरी कुणाच्या जिवावर मे महिन्यापर्यंत भरलेल्या असतात ते तुम्हाला माहीत नाही का, असं विचारलं. ते त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे. सडा वरून काळा, ओसाड दिसतो आणि सरकारी कागदावर तो पोटखराबा, म्हणजे निकामी जमीन, आहे. पण तो कातळ भोकाभोकांचा आहे. पावसाचे चार महिने तो भेगांमधून पाणी आत घेतो. खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी आडवं सरकतं आणि हळूहळू पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. वर पाया खणला, भेगा तोडल्या, डांबर ओतलं की तेच पाणी दोन तासांत वहाळातून समुद्राला जाणार. मग आम्ही हॉटेलवाल्यांच्या टँकरची वाट बघत बसायचं. हे सगळं मी त्याला ओरडून सांगितलं.

त्याने शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाला, "माका रस्तो होयो, ता मी तुझ्या यंत्राक तोंडार सांगलंय. मी निदान बोललंय. तू काय बोललंस ता बघ आदी."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, आणि खरा राग त्याच्यावर नव्हताच.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षणाची पुस्तिका काढली आणि नववं कलम सापडलं. 'अंतिम सुनावणीस व्यक्ती स्वतः हजर असल्यास व नाव पुकारल्यावर मत दिल्यास तिचे प्रतिरूप मौन राहील.' हे कलम शोभेला ठेवलेलं होतं. अंतिम सुनावणीला कुणी जात नाही, तिथे फक्त शिक्का मारतात. ती पंधरा दिवसांनी तालुक्याच्या सभागृहात होती. म्हणजे सगळ्या गावाने तिथे जाऊन एकेकाने स्वतःच्या तोंडाने हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं.

एवढंच. मी घरोघर फिरले. लोक हळहळले, यंत्राला शिव्या घातल्या, सडा जाता कामा नये म्हणाले. मग तिथे येऊन हेच बोला म्हटलं की मान खाली. तातूकाका काय म्हणतात, ते बोलतले मगे आमी बोलतलों. हर्षदा गावडेसारखी बारावी शिकलेली सून, तीही हेच.

मी तातूकाकांकडे गेले. ते अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, एकटाच राहणारा. मी सगळं समजावलं. तिथे मांडासारखं चालणार नाही, अधिकारी फक्त हो किंवा नाही लिहून घेतील, तेव्हा तुम्ही आधी नाही म्हणा, मग गाव बोलेल. ते बराच वेळ सुपाऱ्या पसरत राहिले.

"वैजू," ते म्हणाले, "मी होय म्हटलंय तर गाव होय म्हणात. मी नाय म्हटलंय तर गाव नाय म्हणात. मगे गावाक इचारूचा कित्याक?"

माझी सहनशक्ती संपली. गाव बुडायला निघालंय आणि तुम्ही मान सांभाळत बसा, असं मी त्यांना तोंडावर बोलले. आमच्या सात पिढ्यांत मानकऱ्याला कुणी असं बोललं नसेल. मी तरातरा निघून आले.

सुनावणीच्या दिवशी गाव मात्र आलं. माणसं पोचवली कुणी, तर श्रीधरने. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या व्हॅनच्या नाही म्हटलं तरी सात खेपा केल्या त्याने, उरलेल्यांसाठी एक टेम्पो ठरवला, आणि प्रत्येक खेपेत त्याच्याविरुद्ध मत देणारी माणसं बसलेली. आभार मानावेत एवढा माझा राग उतरला नव्हता.

सुनावणी अधिकारी देवस्थळीबाई. चष्मा नाकावर, समोर पडदा. सभागृहात साडेतीनशे माणसं बघून त्या गांगरल्या, पण नियम वाचून दाखवला. क्रमांकाने नाव पुकारणार, अर्ध्या मिनिटात हो किंवा नाही सांगायचं. हजर असून उत्तर न आल्यास प्रतिरूपाचं मत कायम; गैरहजरांच्या प्रतिरूपांना शेवटी, बाकीच्यांची मतं दाखवून, पुन्हा विचारणार.

तातूकाका पहिल्या रांगेत होते. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "गाव सांगात ता."

"तुमचा नंबर दोनशे सतरा आहे, आजोबा. बसा," बाई म्हणाल्या. "आणि हे मत होत नाही. तुमचा नंबर आला की हो किंवा नाही सांगा."

त्यांनी दार उघडलं होतं आणि बाईंनी ते लावून टाकलं. नंबर एक पुकारला. सत्यभामा मेस्त्री, ऐंशी वर्षांची. ती तातूकाकांच्या पाठीकडे बघत राहिली. अर्धं मिनिट गेलं. पडद्यावर आकडा उमटला, होकार एक. नंबर दोन उठला, पागोटं सावरलं, बसला. होकार दोन. तीन, चार, पाच. ज्यांनी माझ्यासमोर सड्यासाठी छाती पिटली होती तीच माणसं एकेक करून उभी राहत होती आणि मुकी बसत होती. नऊ नंबरला माझा तोल सुटला. मी खुर्चीवरून उठून सगळ्यांदेखत ओरडले.

"काका, बोला. होय नायतर नाय. पण बोला."

तातूकाका उठले. त्यांनी मागे वळून सगळ्या गावावरून नजर फिरवली, घाई न करता, रांगेरांगेने. मग खुर्चीखालच्या वहाणा पायात घातल्या आणि मधल्या वाटेने चालत दाराबाहेर निघून गेले.

मला आधी वाटलं रागावले. मग दहावा नंबर पुकारला गेला. हर्षदा गावडे. ती उभी राहिली, पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे तिने बघितलं आणि एकदम मोठ्याने म्हणाली, "नाय. माका सडो होयो."

मानकरी समोर नाही म्हणजे कुणाच्या आधी बोलल्याचा दोष नाही. ते गावाला मोकळं करून गेले होते. त्यानंतर बांध फुटला. नाय, नाय, सडो होयो, माझी बाव आटतली, नाय. काहींनी होय म्हटलं, का ते सांगितलं, आणि त्यांच्यावर कुणी हात उगारला नाही. सदतीस नंबरला श्रीधर उठला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "होय. माका रस्तो होयो." अडतिसावी मी. नाही म्हटलं आणि बसले. पहिल्या नऊ जणांना पुन्हा बोलू द्या म्हणून लोकांनी गलका केला, तेव्हा देवस्थळीबाईंनी शेवटी त्यांना घ्यायचं कबूल केलं.

दोनशेच्या आसपास आकडा पोचला तेव्हा विरोध पुढे होता, पण फार नाही. खालच्या वाडीतले बरेच जण रस्त्यासाठी होय म्हणत होते. मी बाहेर आले. तातूकाकांची माफी मागायची होती आणि त्यांचा नंबर जवळ आला हेही सांगायचं होतं.

ते पायरीवर बसले होते. मी बाजूला बसले आणि म्हटलं, काका, चुकलं माझं. आता आत चला. गाव बोललं, आता तुम्ही नाही म्हणायला हरकत नाही.

"माझो होकार आसा," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"हॉस्पिटल होया, वैजू. तुझी काकी घाटीत गाडयेतच गेली. माझ्या मांडयेर डोक्या ठेवन. त्या रातच्या पावसात तालुक्याक पोचाक तीन तास लागले."

"मगे मुलाखतीत सांगूक नाय ता?"

"तू इचारलंस खय? मी गाव सांगात ता म्हटलंय, आणि तू फुडचो प्रश्न काढलंस."

दोन तास मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांचा आवाज, त्यांचे श्वास, सगळं यंत्रात भरलं होतं. आणि ही एक गोष्ट विचारली नव्हती. मला यंत्राचा, त्या पुस्तिकेचा, टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. हॉस्पिटल हवं तर सड्याचा बळी द्या, अशी जोडी लावून देणाऱ्यांचा त्याहून जास्त.

मी विचारलं, मग उठून का आलात? होय म्हणून मोकळे व्हायचं.

"माझ्या मागसून अर्धो गाव होय म्हटल्यान असतो. ता तेंचा मत नाय, ता माझा," ते म्हणाले.

तेवढ्यात दार उघडून शिपाई बाहेर आला. आत नसलेल्यांचा बाहेर पुकारा करायचा नियम आहे. त्याने कागद वर धरला आणि ओरडला, "दोनशे सतरा, वासुदेव राऊळ हजर?"

तातूकाकांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायला लागले. कुणी नावाने हाक मारली की ओ द्यायची, एवढ्याच सवयीने ते उठत होते की त्यांनी काही ठरवलं होतं, मला माहीत नाही. गुडघा दुखरा, उठायला वेळ लागत होता. दार उघडं होतं. आत दोनशे सतराच्या पुढचे दीडशेहून जास्त जण बसले होते, आणि मानकऱ्याचा आवाज ऐकला की त्यांचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

"हजर?" शिपायाने पुन्हा विचारलं. त्याची नजर कागदावर होती. तो आमच्या गावचा नव्हता.

"गैरहजर," मी म्हटलं.

तातूकाका अर्धे उठलेले तसेच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच परत खाली बसले. शिपायाने कागदावर खूण केली आणि दार लावून घेतलं.

सडा वाचला. विरोध दोनशे एकाहत्तर, होकार एकशे एकेचाळीस. गैरहजर माणसांच्या प्रतिरूपांनी गावाचं बहुमत बघून विरोध नोंदवला, त्यात दोनशे सतरा नंबरही होता. आता आम्ही हॉस्पिटलसाठी वेगळा अर्ज केलाय, खालच्या माळाच्या जागेवर, आणि त्याच्या मागे मी हात धुवून लागलेय. कचेरीतली माणसं मला बघितलं की फाइल शोधायला आत जातात. मुलाखत सेविकेची नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली.

तातूकाका माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात. सुपाऱ्या देतात, पोरांची चौकशी करतात. त्या दिवशी उठून ते काय बोलणार होते, ते मी अजून त्यांना विचारलेलं नाही. यंत्राने चारशे जणांची तोंडं बंद केली म्हणून मी गावभर आरडाओरडा केला, आणि एकाचं तोंड मी स्वतः बंद केलं. तोच प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा तेच करीन, हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचा राग मला कुणावर काढता येत नाही.